पाच खडे आणि फिरकीचा तांब्या

दापोडीच्या आमच्या दोन खोल्यांत सगळ्यांत मानाची जागा माठाची होती. बाबांनी कंपनीच्या भंगारातल्या लोखंडी पट्ट्या जोडून त्याला तिवई करून दिली होती, आणि ती इतकी उंच झाली होती की ओगराळं माठात घालायचं तर आईला टाचा उचलाव्या लागत. जरा खाली का नाही ठेवत, असं कुणी विचारलं की ती म्हणायची, "पानी पायाशी ठिवायचं नसतं." रूळ आमच्या गल्लीच्या मागूनच गेलेले. गाडी आली की माठावरची पितळी ताटली थरथरायची आणि तिच्यावर पालथा घातलेला पेला किणकिणायचा. पुण्याला जाणारी असली तर थोडा वेळ, मालगाडी असली तर जेवण उरकेपर्यंत. आता मी रहाटणीला मुलाकडे पाचव्या मजल्यावर राहते. इथं भिंतीवर पाण्याची पांढरी पेटी आहे, भरली की ती एक इंग्रजी सूर वाजवते. मला तो सूर अजिबात आवडत नाही, पण सून म्हणते की तो बंद करता येत नाही.

शेजारी शेवंतामावशी. तिची आणि आमची भिंत एकच, आणि तीही पत्र्यापर्यंत पोचत नव्हती. वर हातभर मोकळं. त्यामुळे आमच्याकडे सुक्या बोंबलाला फोडणी दिली की तिकडे ठसका लागायचा, आणि तिच्याकडे हुलग्याचं माडगं शिजलं की आम्हा भावंडांची जेवणं लांबायची, कारण वाटी येणार हे ठरलेलं असायचं. आई आणि मावशी दोघी भाकऱ्या थापता थापता त्या भिंतीवरून बोलत. तोंडं दिसायची नाहीत, फक्त थापण्याचा आवाज आणि मध्ये मध्ये हसणं. माझं सगळं लहानपण त्या बोलण्याच्या खाली बसून अभ्यास करण्यात गेलं, आणि खरं सांगायचं तर अभ्यासापेक्षा बोलणंच जास्त पाठ झालं.

खडे आणले बाबांनी. बाबा टर्नर होते आणि अंधश्रद्धेच्या नावानं त्यांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. बौद्ध झाल्यावर त्यांनी घरातले ताईत, गंडे, दारावरचं लिंबू, सगळं स्वतःच्या हातानं हद्दपार केलेलं. पण कंपनीच्या गेटसमोर सतरंजी पसरून बसलेल्या एका माणसाच्या कागदावर 'खनिज' असा शब्द छापला होता, आणि त्या शब्दापुढे बाबांचं काही चाललं नाही. "हे देवाधर्माचं नाही, विज्ञान आहे," असं म्हणत त्यांनी लाल फडक्याची पुरचुंडी आईपुढे ठेवली. आत पाच खडे. एक दुधी, एक विटकरी, एक शेवाळी, एक काळाभोर आणि एक अभ्रकासारखा चमचमणारा. कागद मी वाचून दाखवला, कारण आईला वाचता येत नव्हतं. त्यात पोटाच्या सगळ्या विकारांची यादी होती आणि शेवटी कृती होती: खडे पाण्यात घालून पाणी खळखळा उकळावे, निववावे आणि खड्यांसह माठात ओतावे.

आईला एखादी गोष्ट सांगितली की ती सांगितली तशीच करायची, त्यात काटछाट नाही. रोज संध्याकाळी स्टोव्ह फरफरायला लागायचा, मोठ्या पातेल्यात खडे नाचायला लागायचे, आणि त्यांची खडखड ऐकू आली की आम्हाला कळायचं, सहा वाजले. एवढं रॉकेल जाळणं सोपं नव्हतं. रेशनच्या दुकानापुढे डबा घेऊन कोण उभं राहणार यावरून माझी आणि धाकट्या मिलिंदची रोज जुंपायची. पण त्या वर्षी पावसाळ्यात गल्लीच्या नळाला चहाच्या रंगाचं पाणी आलं, निम्मी गल्ली पोट धरून बसली, आणि दरवर्षी त्या दिवसांत वाळून काटकी होणारा आमचा मिलिंद चक्क गालानं भरला. आईनं त्याचं सगळं श्रेय खड्यांना दिलं. एवढ्यावर थांबली असती तर बरं झालं असतं. पण शेवंतामावशीच्या तीन वर्षांच्या बेबीचं पोट काही केल्या थांबेना, तेव्हा आईनं आपल्या पाचातले दोन खडे, विटकरी आणि काळा, तिला नेऊन दिले.

आठ दिवसांनी भिंतीवरून आवाज आला, "आक्का, तुझं खडं काय कामाचं न्हाईत बघ."

"असं कसं? आमच्या मिलिंदाकडं बघ की."

"त्येच म्हंते मी. गुणाचं खडं सोताला ठिवलं आन् मला हे दोन दगड दिलं."

आईचा हात पिठात तसाच राहिला. ती भांडली असती तर परवडलं असतं, पण तिनं तोंडच मिटून घेतलं. मावशीनंही मिटलं. दुसऱ्या दिवसापासून भिंतीच्या दोन्ही बाजूंना नुसती थापण्याची थपथप, आणि माडग्याची वाटी बंद. मला ते घर घरासारखं वाटेना. चार दिवस बाबांनी सोसलं आणि मग जेवताना माझ्याकडे बोट करून म्हणाले, "सुमन आणील तपासून. तिच्या लॅबमध्ये सगळं तपासतात. कोण खरं ते कळेल."

लॅब म्हणजे पिंपरीच्या एका औषधाच्या कंपनीतली. मी मॅट्रिक होऊन तिथं नुकतीच लागले होते. गल्लीत मी 'लॅबमध्ये आहे' असं मान ताठ करून सांगायची. प्रत्यक्षात मी बाटल्या धुवायची, त्यांना कापसाचे बोळे बसवायची आणि त्यावर कागद बांधायची. पण आई एकदम सरळ बसली. "म्हंजी आपलं पानी कंपनीत जानार? तुझ्या बाईंच्या म्होरं?" मी हो म्हटलं. "मग ते पास झालं पायजे," ती म्हणाली. पास आणि रिजेक्ट हे शब्द आमच्या घरात बाबांमुळे मिठासारखे वापरात होते; बाबांनी लेथवर कातलेला लोखंडाचा प्रत्येक जॉब तपासनीस पास करायचा नाहीतर फेकायचा. त्या रात्री आईला बेबीची, मावशीची, कशाचीच आठवण राहिली नव्हती. आपलं पाणी पास होतं का, एवढंच तिनं धरून ठेवलं होतं, आणि मला त्यामागचं काही म्हणजे काही कळलं नाही.

आमच्या पेंडसेबाई लॅबच्या मुख्य. कडक इस्त्रीची सुती साडी, केसांचा घट्ट अंबाडा, आणि बोलणं असं की समोरचा आपोआप सरळ उभा राहायचा. डबा त्या आपल्या टेबलावर एकट्याच खात. त्या एकट्या का खातात याचा मी माझ्या परीनं अर्थ लावून ठेवला होता, आणि त्यांच्याशी कामापुरतंच बोलायचं असं ठरवलं होतं. तरी धीर करून विचारलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, खड्यांचे रंगसुद्धा विचारले, आणि म्हणाल्या, "दोन गोष्टी एकदम केल्यात तुम्ही. खडे घातलेत आणि उकळलंतही. गुण कुणाचा आला ते कसं कळणार?" मग चार बाटल्या काढून दिल्या. एकीत नळाचं नुसतं पाणी, दुसरीत नळाच्या पाण्यात रात्रभर खडे ठेवून, तिसरीत खड्यांशिवाय उकळलेलं, चौथीत खड्यांसह उकळलेलं. "आणि बोळा काढला की लगेच भरायची आणि लगेच बोळा लावायचा. कळलं?" मी रोज बोळे बसवणारी बाई, मला हे काय सांगायचं, असा चेहरा करून मी मान हलवली.

सकाळी मी चारही बाटल्या नीट भरल्या, कागद बांधले, नावं लिहिली, ओट्यावर ठेवल्या आणि वेणी घालायला गेले. बस गाठली, बाटल्या बाईंच्या स्वाधीन केल्या. त्यांनी पाणी काचेच्या बशांमध्ये घातलं, त्यावर पातळ केलेली जेली ओतली, आणि बशा उबेच्या कपाटात ठेवल्या. दोन दिवसांनी कपाट उघडलं. चारही बशांत जंतूंच्या ठिपक्यांची दाटी. नळाचं आणि उकळलेलं, खड्यांचं आणि बिनखड्यांचं, चौघांचे चेहरे सारखेच.

बाईंनी चष्मा काढला. "असं होत नाही. उकळलेलं पाणी असं येतच नाही. कुणाचा हात लागला होता या पाण्याला?"

लॅबमध्ये हा प्रश्न त्या दिवसातून दहा वेळा कुणालाही विचारत. पण मला तो फक्त मलाच विचारल्यासारखा वाटला. माझे कान तापले. "माझा," म्हटलं, "आमच्या घरात आमचेच हात असतात." मी बशा उचलल्या आणि मोरीवर जाऊन घासत बसले. आज मला त्या उत्तराची लाज वाटते आणि थोडं कौतुकही वाटतं, पण त्या दिवशी नुसता राग होता, आणि तो घेऊनच मी घरी गेले.

आई भाकरी थापत होती. मी पिशवी टाकली आणि म्हटलं, "सगळं नापास झालं. तू हात लावला होतास का बाटल्यांना?"

"व्हय," ती अगदी सहज म्हणाली. "येका दोन बाटल्यांत गढूळ व्हतं, ते वतून दिलं आन् माठातलं चांगलं भरलं. आन् समद्यांत चिमटी चिमटी साखर टाकली."

"साखर?"

"मग? बाई पिऊन बघनार. पहिल्यांदा आपल्या घरचं पानी त्यांच्याकडं जातंय, आन् ते नुसतं द्यायचं?"

मी कपाळावर हात मारून घेतला. माझ्या सगळ्या शहाणपणात तिला एक गोष्ट सांगायची राहून गेली होती, की तपासायचं पाणी कुणी पीत नाही. तिला दुसरी रीतच ठाऊक नव्हती. तिच्या गावी विहीर चांगली की वाईट ते ओंजळभर पिऊनच ठरायचं. मी तिला बशा, जेली, ठिपके सगळं समजावून सांगितलं. साखर म्हणजे जंतूंना मेजवानी, हेही सांगितलं. ती ऐकत होती आणि तव्यावरची भाकरी करपत होती. शेवटी म्हणाली, "म्हंजी त्या पिनार नव्हत्याच?"

"नाही गं."

"आमच्या गावात आमी हिरीवर कळशी घिऊन हुभं ऱ्हायचो. कुनी तरी वतून दिलं तर पानी. मिळायचं ते असं वरनं मिळायचं. आपल्या हातचं पानी कुनी मागितलंय, हे म्या कदी बघितलं नव्हतं, सुमन. तू म्हनलीस कंपनीच्या बाईंनी मागितलंय. मग त्यात गढूळ कसं द्यायचं?"

माझा राग कुठल्या कुठे गेला. तिच्या हातातून मी काहीतरी काढून घेतलं आहे असं मला वाटलं, आणि फार वाईट वाटलं. करपलेली भाकरी मी खाल्ली आणि चांगली झालीय असं खोटंच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मी पेंडसेबाईंना सगळं सांगितलं. साखर सांगितली, गढूळ पाणी सांगितलं, विहीरही सांगितली. का सांगितलं ते मला आजही कळत नाही. बहुतेक आदल्या दिवशीच्या उत्तराची बोच असावी. साखरेला त्या मोठ्यांदा हसल्या, त्यांना हसताना मी पहिल्यांदाच बघितलं. विहिरीला त्या हसल्या नाहीत. टेबलावरचे कागद उगाच सरळ करत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "सुट्टीच्या दिवशी मीच येते. बाटल्या मी भरीन. आईंना सांग, साखरेचा डबा लपवून ठेवा म्हणावं."

त्या आल्या बसनं, उन्हातून चालत. आमच्या दारात सगळी गल्ली. शेवंतामावशी बेबीला कडेवर घेऊन पुढेच उभी होती, कारण खरे खडे कुणाकडे होते याचा निकाल तिलाही हवा होता. तिनं आपले दोन खडेही पदरात बांधून आणले होते. बाईंनी स्पिरिटचा दिवा लावला, बाटल्यांची तोंडं ज्योतीवर धरली, आदल्या रात्रीपासून खडे घालून ठेवलेलं पाणी भरलं, नळाचं भरलं, आईकडून दोन पातेल्यांत पाणी उकळून घेतलं. आई स्टोव्हला पंप मारत होती. सगळं आटोपल्यावर बाईंनी पदरानं गळा पुसला आणि म्हणाल्या, "फार उकडतंय हो. जरा पाणी द्या मला."

दारातली गल्ली आणखी पुढे सरकली. आईनं माठाकडे बघितलं, बाईंकडे बघितलं, आणि हात जोडून म्हणाली, "न्हाई बाई. अजून पास झालं न्हाई. पास झाल्याबिगर न्हाई द्यायची मी."

"अहो, तुमचं उकळलेलं आहे, मला चालेल."

"तुमाला चालंल. मला न्हाई चालायचं."

बाबा दारातून डोळे वटारत होते, पण आई ढळली नाही. बाई खाली सतरंजीवर बसल्या आणि म्हणाल्या, "बरं, मग चहा तरी द्या. तो तर उकळतोच." चहा झाला. साखर आईनं इतकी घातली की तो पिताना बाईंच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी अजून विसरले नाही. पण त्यांनी कप रिकामा केला.

निकाल स्वच्छ लागला. नळाच्या दोन्ही बशा ठिपक्यांनी भरलेल्या, खडे असोत वा नसोत. उकळलेल्या दोन्ही बशा कोऱ्या, खडे असोत वा नसोत. बाईंनी चार ओळींची चिठ्ठी लिहून दिली. मी घरी येऊन ती मोठ्यानं वाचली. खडे नापास. पाणी पास. बाबा वर्तमानपत्रात तोंड घालून बसले आणि 'खनिज' हा शब्द त्यांनी त्यानंतर आयुष्यात उच्चारला नाही. आई मात्र हसली. "म्हंजी माझ्या उकळी काढन्याचा गुण," ती म्हणाली, आणि लगेच तिला सुचलं. ती भिंतीजवळ गेली आणि हाक मारली, "शेवंते, तू खडं उकळत व्हतीस का?"

तिकडून उत्तर आलं, "रॉकेल कुटं हाय उकळायला? तसंच टाकत व्हते माठात."

"त्येच चुकलं बघ. उकळल्याबिगर त्यांचा गुण उतरत न्हाई. खळाखळा उकळायचं. माझं तीनबी घिऊन जा, पर उकळ."

मी तिला दंडाला धरून आत ओढलं. "आई, खडे नापास झालेत. हे खोटं आहे."

"काय खोटं? कागदावर तू वाचलं तेच सांगितलं. नुसतं पानी ती उकळनार न्हाई, रॉकेल जळतं म्हनंल. खड्यासाठी उकळंल." आणि ती तिन्ही खडे घेऊन शेजारी गेली सुद्धा. मी लॅबवाली, मला हे पटणं शक्य नव्हतं. पण संध्याकाळी सहा वाजता खडखड भिंतीच्या पलीकडून यायला लागली आणि पुढच्या पंधरवड्यात बेबीचं पोट थांबलं. मग मी वाद घालायचं सोडून दिलं. मावशीला खरं काय ते मी पुढं कितीतरी वर्षांनी सांगितलं. ती म्हणाली, "ठाऊक हाय मला. तुझ्या आईचा आवाज भिताडावरनं समदा यायचा की." त्यातला काळा खडा तिनं मला दिला. तो आता इथं विजेच्या बिलांवर ठेवलेला असतो. परवा पाण्याच्या पेटीचा माणूस आला आणि आत नवीन खनिजाचे खडे घातलेत असं सुनेला सांगायला लागला, तेव्हा मला इतकं हसू आलं की मला आत जाऊन बसावं लागलं.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं फळीवरून फिरकीचा तांब्या काढला. पितळेचा, घट्ट झाकणाचा, प्रवासाला न्यायचा. तो चिंचेनं घासला, उकळत्या पाण्यात बुडवून काढला, आणि माठातलं पाणी त्यात गळ्यापर्यंत भरलं. "हे बाईंना दे. आता पास झालंय." बसमध्ये मी तो मांडीवर धरून बसले. दिला तर त्या काय करतील, एवढाच विचार मी करत होते. नाही म्हणाल्या तर घरी काय सांगायचं, हेही मी वाटेत जुळवून ठेवलं होतं.

पेंडसेबाईंनी झाकण फिरवलं, तांब्या दोन्ही हातांनी उचलला आणि उभ्या उभ्या प्यायल्या. मध्ये एकदा थांबल्या. "साखर घातलीय," म्हणाल्या, आणि पुन्हा तोंडाला लावला. सगळा संपवला. मग मला हात लावू न देता त्यांनी तो स्वतः मोरीवर धुतला, पुसला, आपल्या चहाच्या डब्यातली साखर त्यात चमचाभर घातली आणि झाकण लावून माझ्या हातात दिला. "रिकामा कसा पाठवायचा?" एवढंच म्हणाल्या आणि कामाला लागल्या.

घरी आल्यावर मी तांब्या आईपुढे ठेवला. तिनं तो उचलला. हलका लागला, तेव्हा माझ्याकडे बघितलं, आणि मग कानाशी नेऊन हलवला. आत साखरेचे दाणे पितळेवर सरसरले. झाकण न उघडता तिनं तो पुन्हा हलवला, पुन्हा ऐकलं, आणि तशीच तांब्या कानाशी धरून स्टोव्हपुढे बसून राहिली. मागून मालगाडी जायला लागली, माठावरचा पेला किणकिणायला लागला, आणि भिंतीवरून शेवंतामावशी विचारत होती, "आक्का, काय म्हनल्या गं बाई? प्यायल्या का?"

"समदं प्यायल्या," आई म्हणाली. "ये हिकडं, च्या टाकते."